हुरडा चोळणारे हात

८ डिसेंबर, रविवार

आज ह्यांना सांगून टाकलं, यंदा आपल्या रानात हुरडा पार्टी सुरू करायची. गळीत हंगाम लागला की हे ढोकीच्या कारखान्यावर खोली घेऊन राहतात आणि फक्त रविवारी जळकोटला येतात. त्यामुळं जे बोलायचं ते चहा निवायच्या आत बोलावं लागतं. हायवेला लागून आपलं रान, गुळभेंडी ज्वारी डोक्याइतकी आलेली, आणि सोलापूरची माणसं तुळजापूरला, नळदुर्गच्या किल्ल्यावर येतातच. लेक वैष्णवी सोलापूरला कॉलेजात आहे, ती म्हणते तिच्या ओळखीतलेच कितीतरी जण येतील. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आगटी कोण लावणार?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. आत्या. सासूबाईंना मी लग्न झाल्यापासून आत्याच म्हणते. धुरपदाबाईंच्या आगटीतला हुरडा म्हटलं की गावात अजून लोक नाव काढतात. पण विचारायचं कुणी? दोन वर्षांमागच्या दिवाळीत त्या गोठ्यातून तशाच आत आल्या आणि चकलीच्या पिठाला हात घालायला लागल्या, तेव्हा चार पाहुण्यांसमोर मी बोलून गेले, "आत्या, आधी हात तरी धुवा."  तेव्हापासून त्यांनी पिठाला हात लावलेला नाही. स्वतःचं ताट-तांब्या वेगळा ठेवलाय, आपलं आपण घासतात. वैष्णवीच्या डोक्याला तेल लावायचंसुद्धा सोडलं. मी माफी मागितली, एकदा नाही, अनेकदा. "राग न्हाय गं बाई," म्हणतात. राग नसेल तर माणूस ताट कशाला वेगळं करेल?

शेवटी संध्याकाळी मीच विचारलं.  म्हणाल्या, "आगटी बघते म्या. पर भाकरी थापाय सांगू नको. आन् वाढाय बी."

मी बरं म्हटलं. माझ्या त्या एका वाक्याची एवढी मोठी शिक्षा त्या अजून मला देताहेत, आणि ती मला मान्य आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

आज घरच्यापुरती आगटी लावून पाहिली. चिंचेखाली आत्यांनी खड्डा काढून घेतला, त्यात गोवऱ्या रचून पेटवल्या आणि जाळ पार बसेपर्यंत कणसाला हात लावू दिला नाही. धुरात भाजलेला हुरडा कडवट लागतो म्हणाल्या. लोक कणसं निखाऱ्यात मधोमध खोचतात. आत्या तसं करत नाहीत. त्या कणसं कडेच्या राखेवर आडवी निजवतात आणि निखारे वरून ओढून घेतात. दाण्याला वरून धग बसली पाहिजे. मग तो आपल्याच रसात शिजतो, खालून बसली तर करपतो.

भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करायला ताहेरामावशी येणार आहेत. त्यांचं रान आमच्या बांधाला लागून. आत्यांची आणि त्यांची मैत्री मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीची.

मी तुळजापूरहून मुद्दाम लांब दांड्याचा चिमटा आणला होता. आत्यांनी तो बाजूला सारला. निखाऱ्यातून कणीस सरळ हातानं उचललं, राख झटकली आणि तसंच टोपलीवर धरून दोन्ही तळव्यांत चोळलं. हिरवेगार, वाफाळलेले दाणे खाली पडले. मी तसंच एक उचलायला गेले आणि टाकून दिलं. बोट अजून चुरचुरतंय.

ताहेरामावशी हसल्या. "आदी ही बी आमच्यावानीच हाय-हुय करायची. आता बघ, लोकंडाची झालीया."

आत्या हसल्या नाहीत. त्यांना असं उन्हाधगीत बसवणं बरं नव्हे, असं सारखं वाटत राहिलं.

२२ डिसेंबर, रविवार

पहिले पाहुणे येऊन गेले. सोलापूरच्या एका शाळेतली शिक्षक मंडळी, बायकापोरांसकट. बोरं, उसाचे करवे, वांग्याचं भरीत, हुरडा, गूळ, दही. पण मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे बसले ते आगटीभोवती, आत्यांचे हात बघत. एका सरांनी विचारलं, "आजी, चटका बसत नाही?" आत्या म्हणाल्या, "सवय हाय." मीच पुढं होऊन सांगितलं, "आमच्या आत्यांच्या हाताला निखारा भितो." लोकांना ते फार आवडलं. वैष्णवीनं त्याच नावानं व्हिडिओ टाकला, संध्याकाळपर्यंत किती जणांनी पाहिला याची ती मला सारखी बातमी देत होती.

आत्या दमल्या होत्या. मी पाय चेपायला बसले तर त्यांनी पाय ओढून घेतले.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, वेळा अमावस्या. रानात कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा केली. भज्जी, आंबील, उंडे, सगळं झालं. हे काल आले ते आज राहिले. ताहेरामावशींच्या घरचेही आले होते. सगळे कोपीच्या सावलीत एकत्र जेवायला बसलो आणि आत्या मात्र आपलं ताट घेऊन पलीकडं बाभळीखाली जाऊन बसल्या. ह्यांनी हाक मारली, तर म्हणाल्या, मला वारं पायजे. सणाच्या दिवशीसुद्धा. 

घरी आलो तर आत्यांच्या एकाच पायात चप्पल. दुसरी कुठं गळून पडली ते त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. तळपायात बाभळीचा काटा पार आत गेलेला. मी सुईनं काढला, त्या शांत बसून होत्या, हूं की चूं नाही. मनात काय चाललं असेल म्हणून चप्पल गळाली तरी भान राहिलं नाही? बाभळीखाली एकट्या बसल्या होत्या तेव्हा मी उठून जायला हवं होतं. ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसायला हवं होतं. एवढं साधं आहे, आणि ते मला घरी आल्यावर सुचतं.

११ जानेवारी, शनिवार

दुपारी पाहुण्यांसमोर आत्यांच्या हातून पाण्याचा तांब्या पडला. त्याआधी मी जरा घाईत बोलले होते की कणसं लवकर लवकर द्या. मला वाटलं, रागानं टाकला. मीही तोंड फिरवलं.

नंतर ताहेरामावशी हळूच म्हणाल्या, "मंजुषा, तिला झंपरची हुकं लावता येईनात. सकाळी मला बोलीवती. करंगळी बघ कशी वाकडी झालीया."

वय झालंय, संधिवात असेल, मी म्हटलं. आणि मग दिवसभर स्वतःला बोल लावले. सून घरात असताना हुकं लावायला त्यांना शेजारणीला बोलवावं लागतं.

१९ जानेवारी, रविवार

व्हिडिओ बघून आलेले पाहुणे आज सगळ्यात जास्त. एका बाईंनी आल्याआल्या विचारलं, त्या हातानं निखारे उचलणाऱ्या आजी कुठं आहेत? आत्यांच्या मांडीशेजारी चिमटा पडला होता. मी तो हळूच उचलून कोपीत नेऊन ठेवला. तो तिथं असला की बघणाऱ्यांची मजा जाते, असं वाटलं. हे लिहितानासुद्धा बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

आत्यांच्या उजव्या हाताला मनगटाच्या वर एक फिकट चट्टा दिसला. धगीनं कातडीचा रंग उडाला असावा. खोबरेल लावून दिलं. "दुखतं का?" विचारलं. "काय सुदिक न्हाय," म्हणाल्या. मी त्यांना आगीपाशी बसवून काळ्या-पांढऱ्या करतेय. पुढच्या वर्षी हे बंद.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी गावातली आशाताई मोनिका आली. सोबत आरोग्याचा एक माणूस होता. अंगावर चट्टे बघायचे होते, कुष्ठरोगाची तपासणी घरोघरी चालू आहे, घरातल्या प्रत्येकाला बघायचंय म्हणाली. बायकांना ती आत नेऊन बघते. नेमकी त्याच वेळी पाहुण्यांची गाडी हायवेवरून वळताना दिसली. आत्या आत होत्या. मी म्हटलं, "आमच्यात कुणाला काही नाही गं. लिहून टाक."

मोनिका घुटमळली. "काकू, आजींना तेवढं बघू दे ना. नाहीतर मी सोमवारी येते."

"सोमवारी मी तुळजापूरला जाणार आहे. मी सांगते ना, त्यांना काही नाही. संधिवात आहे."

बिचारीला किती घरं फिरायची असतात. तिनं मान हलवली, दाराच्या बाजूला भिंतीवर खडूनं तपासणी झाल्याची खूण केली आणि गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही तिला. पाहुणे गेल्यावर आठवलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुढचं रान आता कडक झालंय. मागास पेरलेला ओढ्याकडचा तुकडा तेवढा दुधात आहे. दोन रविवार निघतील.

भिंतीवरची खडूची खूण अजून तशीच आहे. दारातून आत-बाहेर करताना नजर तिकडं जाते. मोनिकाला परत बोलवावं असं एकदा मनात आलं. कामात राहून गेलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आत्यांचा हात भाजला. मला पुढं लिहवत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

कालचं आधी लिहिते.

पाहुणे आगटीभोवती होते. वैष्णवी फोन धरून उभी होती. आत्या कणीस चोळत होत्या. मला कसलातरी वास आला. कुणाच्या शालीला ठिणगी लागली की काय म्हणून मी इकडंतिकडं बघत होते. सगळे आत्यांच्या हातांकडं बघत होते आणि मी सोडून... नाही, मीही तिकडंच बघत होते. मला दिसत नव्हतं. कणसाबरोबर एक निखारा आला होता आणि वाकडी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात अडकला होता. आत्या त्याच हातानं चोळत होत्या. एक पाहुणा टाळ्या वाजवत होता.

ताहेरामावशी भाकरीची परात टाकून धावल्या. त्यांनी आत्यांचं मनगट धरून हात ओढला आणि निखारा झटकला. आत्यांनी हाताकडं बघितलं. दुसऱ्या कुणाचा हात कुणी दाखवावा, तसं.

आज तुळजापूरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी जखम बघितली, मग तो चट्टा बघितला, कोपराच्या आतल्या बाजूची शीर दाबून बघितली. मग आत्यांना डोळे मिटायला सांगितले. म्हणाले, आजी, मी पेनाचं टोक लावीन, जिथं लागेल तिथं दुसऱ्या हातानं बोट ठेवा.

आत्या डोळे मिटून बसल्या. डॉक्टरांनी पेन चट्ट्यावर टेकवलं. मग तळव्याच्या कडेला. मग करंगळीवर. आत्या वाट बघत होत्या, शाळेतली मुलं बसतात तशा. पेन करंगळीवर टेकलेलं असतानाच त्यांनी विचारलं, "आजून लावलं न्हाय का?"

मी बाहेर जाऊन भिंतीला टेकले.

कुष्ठरोग आहे. शिरेवर परिणाम झालाय म्हणून बधिरपणा. गोळ्या वर्षभर घ्यायच्या, इथं फुकट मिळतात. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागण्याची भीती राहत नाही, ताटवाटी वेगळी करायची काही गरज नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. रोग बरा होईल. गेलेली संवेदना परत येईलच असं नाही. जखमेतलं बोट वाचेल का, हे पुढच्या ड्रेसिंगला कळेल. उशीर झाला, आधी कळलं असतं तर हात असा झाला नसता. हे सगळं ते ओरडून नाही, समजुतीनंच सांगत होते. मग म्हणाले, "गावात तपासणी चालू आहे. तुमच्याकडं आशाताई आल्या नव्हत्या का?"

"आल्या होत्या," मी म्हटलं. 

१२ फेब्रुवारी, बुधवार

हे रजा टाकून आले. आईच्या उशाशी बराच वेळ बसले. मग मला परसात नेऊन म्हणाले की भाजलंय एवढंच सांगायचं. वैष्णवीचं लग्न व्हायचंय. शिवाय आपण एवढ्या लोकांना खाऊ घातलंय, कळलं तर काय म्हणतील. डॉक्टर काय म्हणाले ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ते मला कळतंय, गावाला कळेल का?

मला त्यांचा राग आला नाही. परवापासून माझ्याही मनात तेच येऊन जात होतं, आणि आत्यांच्या हाताच्या आधी आलं होतं. हे मी कुणाला सांगणार?

शनिवारच्या पाहुण्यांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. सासूबाईंचा हात भाजलाय म्हटलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "अरेरे. मग आजी नसतील तर आम्ही येऊन तरी काय करणार?" त्यांना हळहळ वाटली ती खरीच असावी. मी फोन ठेवला आणि मला आठवलं, चिमटा अजून कोपीत आहे.

वैष्णवीला फोनवर म्हटलं, ते सगळे व्हिडिओ काढून टाक. तिनं का म्हणून विचारलं नाही. तिलाही तो वास आला होता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बोटाचं पहिलं पेर जाईल. बाकीचं वाचेल, असं आज ड्रेसिंगच्या वेळी सांगितलं.

परत आल्यावर आत्यांचं ताट वाढायला घेतलं. माझ्या फडताळातलं ताट घेतलं. त्या म्हणाल्या, माझं घे. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय तसं करायची गरज नाही. आणि मग एवढ्या दिवसांत जे विचारायचं होतं ते विचारलं. तुमचा माझ्यावरचा राग कधी जाणार?

"कसला राग?"

"त्या दिवाळीचा. हात धुवा म्हणाले होते मी."

त्यांना आठवायला वेळ लागला. खरंच वेळ लागला. मग त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मीच लहान झाले.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या दिवाळीच्या थोडं आधी, चुलीतलं लाकूड सारताना त्यांच्या ध्यानात आलं की करंगळीला धग लागत नाही. मग चट्टा दिसला. त्यांच्या माहेरी, अक्कलकोटाकडं, त्यांच्या एका चुलत मावशीला असंच झालं होतं. तिला रानात खोपटं घालून ठेवलं होतं. भाकरी वरून टाकायचे, पाणी लांबून ओतायचे. लहानपणी भाकरी घेऊन आत्याच जायच्या. मावशी म्हणायची, जवळ ये, आणि त्या जात नसत.

"तवा म्हणलं, कुणाला कळायच्या आत आपुनच लांब ऱ्हावं. वैष्णवीच्या डोक्याला हात लावू ने. पिठाला लावू ने. तू बोललीस त्ये बरंच झालं. मला निमित्त मिळालं बग."

दोन वर्षं मी शिक्षा भोगतेय असं समजत होते. ती मला नव्हतीच.

"मग हुरडा?" मी विचारलं.

"इस्तवातनं निघतंय ते. त्याला काय लागत नसंल, असं वाटलं." मग म्हणाल्या, "आन् खरं सांगू का मंजुषा. सगळ्या अंगात तेवढंच बिघडल्यालं. आन् लोकं त्याचंच नाव घ्याय लागली. तू बी घ्याय लागलीस. बरं वाटायचं."

आता मला सांगणं भाग होतं. मी म्हटलं, आत्या, मोनिका आली होती त्या दिवशी...

"ठावं हाय. म्या दाराआडच हुते. तू न्हाय म्हणालीस, आन् म्या आईसाहेबाला हात जोडले."

तुळजापूरच्या आईला हात जोडले. मी त्यांना वाचवलं म्हणून.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. त्यांनी माफ केलं असतं किंवा शिव्या दिल्या असत्या तरी काहीतरी झालं असतं. त्या तर उपकार मानत होत्या. मी ओल्या फडक्यानं भिंतीवरची खूण पुसून काढली आणि फडकं हातात घेऊन तिथंच उभी राहिले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ह्यांना न विचारता मोनिकाला बोलावून आणलं. काय झालं ते सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, मीच तेव्हा ऐकायला नको होतं. तिचा काय दोष. मी पाहुण्यांच्या गाडीकडं बघत बोलत होते.

तिनं मला आत नेऊन बघितलं. पाठ, दंड, पाय. पेनाचं टोक लावलं. सगळीकडं लागलं. प्रत्येक वेळी 'हो' म्हणताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. वैष्णवी शुक्रवारी येईल तेव्हा तिला बघणार, रविवारी ह्यांना.

मग मी म्हटलं, ताहेरामावशींनाही बघायला हवं. अख्खा हंगाम त्या आत्यांच्या शेजारी बसल्यात, आणि त्याच्याआधी जन्मभर. मोनिका म्हणाली, आजींचं नाव न घेताही मी बघू शकते. मी नको म्हटलं. निखारा झटकताना त्यांचीही बोटं भाजली होती. त्यांना खोटं सांगून त्यांच्या अंगावरचे चट्टे शोधायचे, हे मला जमणार नव्हतं. आत्यांना विचारलं. त्या तोंडावर पदर घेऊन म्हणाल्या, "सांग. पर म्या हितंच बसते."

ताहेरामावशींनी त्यांच्या अंगणात सगळं ऐकून घेतलं. मोनिकानं तपासलं, काही नव्हतं. मला वाटलं, आता त्या उठून घरात जातील आणि दार लावतील. त्या उठल्या, चप्पल घातली आणि तरातरा आमच्या घरी आल्या. आत्या भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. मावशी त्यांच्या खाटेवर टेकल्या.

"दोन वरसं माज्याकडनं झंपरची हुकं लावून घेतलीस. आन् एवढं पोटात ठेवलीस व्हय गं? म्या काय गावाला दवंडी देणार हुते?"

आत्यांनी पदर तोंडावर आणखी ओढला.

"जाऊ दे. माजं बी गुडघं दुखत्यात, म्या बी तुला सांगणार न्हाय."

आत्या पदरातच हसल्या की रडल्या ते मला दिसलं नाही. मी चहा ठेवायला गेले.

२३ फेब्रुवारी, रविवार

हे सकाळी आले. ताहेरामावशींना सांगितलंय हे मी पहिल्यांदा सांगितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली. थोड्या वेळानं मोनिका आली तेव्हा स्वतःच शर्ट काढून बसले. ते आणि वैष्णवी, दोघांनाही काही नाही. मग आईपाशी जाऊन ह्यांनी गोळ्यांचं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि आज घेतली का म्हणून विचारलं. एवढंच.

ओढ्याकडच्या तुकड्यात थोडी कणसं अजून कोवळी होती. दुपारी घरच्यापुरती आगटी लावली. आत्या खाटेवर, हात गळ्यात बांधलेला. त्यांनी बसल्या जागेवरून सगळं सांगितलं. जाळ बसू दे. मधी खोचू नको. वरनं वढ. मी चिमट्यानं कणसं निजवली, चिमट्यानं काढली. पण चोळायचं तर हातानंच.

पहिलंच कणीस तळव्यात धरलं आणि हात झटकला.

"लागलं का?" आत्यांनी विचारलं.

"लागलं."

"कुठं?"

मी उठून त्यांच्यापाशी गेले, तळवा पुढं धरला आणि बोट ठेवून दाखवलं. इथं. आणि इथं, अंगठ्याच्या खाली. त्यांनी डावा हात माझ्या हाताखाली धरला आणि त्या लालसर जागेकडं बघत राहिल्या. इतका वेळ की आगटीतली कणसं करपतील असं मला वाटलं.

"लई लागलं?"

"व्हय."

त्यांनी वाकून फुंकर घातली.

मग मी सगळी कणसं चोळली. हुरडा त्यांच्याच ताटात काढला, त्यांच्या वेगळ्या ताटात, आणि ते खाटेवर आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलं. त्या माझ्याकडं बघत थांबल्या होत्या, म्हणून आधी मी खाल्लं. थोडा करपला होता. आत्या म्हणाल्या, "खालनं धग बसली." आणि खात राहिल्या.

तळव्याला फोड आलाय. हे म्हणाले, काहीतरी लाव. मी अजून काही लावलेलं नाही.